मुलाचा आवाज फुटलाय, परीक्षा १२ दिवसांवर. तातडीने मदत हवी

मधुरा_सांगली:
मुलाचा आवाज फुटलाय. दिवाळीपर्यंत तार सा (वरच्या सप्तकातला) सहज लागत होता, आता तिथे पोचला की चिरकतो, नाहीतर एकदम खाली कोसळतो. परीक्षा १२ दिवसांवर आलीये, फी भरून झालीये. आवाज ठिकाणावर आणायला काय करू? ज्यांना अनुभव आहे त्यांनी कृपया आजच सांगा.

शेखर७१:
वय किती? परीक्षा गाण्याची का? आणि आवाज फुटलाय की बसलाय? दोन्हींत फरक आहे. सर्दी-खोकला झाला होता का?

ओसरी:
ज्येष्ठमधाची कांडी चघळायला द्या, सोबत खडीसाखर. रात्री हळदीचं दूध. दही, चिंच, बर्फ पूर्ण बंद. माझ्या दोन्ही मुलांच्या वेळी सासूबाईंनी हेच केलं होतं.

मधुरा_सांगली:
गाण्याचीच हो. गांधर्वची प्रवेशिका पूर्ण. वय १३, आठवीत आहे. सर्दी नाही. ज्येष्ठमध चार दिवस दिलं, काही फरक नाही. क्लासच्या बाई म्हणतात जोर लावून गा, निघेल आवाज. पण जोर लावला की जास्तच फाटतो.

स्वरयंत्र:
मी वाचा-उपचाराचं काम करते. ताई, आधी तो जोर थांबवा. हा आजार नाही, त्यामुळे त्यावर औषधही नाही. या वयात स्वरयंत्र मोठं होतं, कंठमणी पुढे येतो, स्वरतंतू लांब आणि जाड होतात. जाड तार खाली बोलते, तसंच हे. लहान मुलाच्या आवाजात सेकंदाला साधारण २५० कंपनं असतात, मोठ्या पुरुषाच्या आवाजात १०० ते १३०. म्हणजे आवाज जवळजवळ एक सप्तक खाली उतरतो. गळ्याच्या स्नायूंना नव्या मापाची सवय व्हायला काही महिने लागतात, कोणाला वर्ष-दीड वर्षसुद्धा. १२ दिवसांत हे उरकता येणार नाही. तो कुठल्या पट्टीत गातो, म्हणजे पेटीच्या कुठल्या सुराला सा धरतो?

मधुरा_सांगली:
काळी चार, म्हणजे पेटीची चौथी काळी पट्टी. सगळा क्लासच काळी चारमध्ये गातो, मुली जास्त आहेत. कारण कळलं, पण परीक्षेचं काय करू ते सांगा ना.

खर्जसाधक:
पहाटे उठवून खर्ज भरून घ्या. मंद्र, म्हणजे खालच्या सप्तकातला, सा धरून रोज अर्धा तास. आमच्या गुरुजींनी माझा आवाज फुटला तेव्हा हेच करून घेतलं, आज पन्नाशीतही आवाज टिकून आहे.

पेटीवाला:
काका, अर्धा तास नको. त्याचा खालचा आवाज अजून तयार व्हायचाय. ताणून वर नेणं जितकं वाईट तितकंच दाबून खाली नेणं. दहा मिनिटं, ओठ मिटून, हलक्या गुंजनाने, बस.

खर्जसाधक:
खर्जाने कोणाचं नुकसान झालेलं मी पाहिलं नाही. आजकाल मुलांना मेहनतच नको असते.

पेटीवाला:
मेहनत हवीच, पण या वर्षात मोजून. मधुराताई, काळी चार सोडा. त्याला सहज गुणगुणू द्या. मंद्र पंचमापासून तार गंधारापर्यंत जिथे न ताणता जाता येईल तो सा धरा. बहुतेक काळी दोन किंवा पांढरी तीनच्या आसपास सापडेल. परीक्षेत आपली पट्टी सांगून गाता येतं, क्लासचीच हवी असं नाही.

अनुजा_ठाणे:
माझा भाचा १७ वर्षांचा आहे, मिशा आल्यात तरी आवाज बायकी. फोनवर सगळे मॅडम म्हणतात. त्याने बोलणंच कमी केलंय. त्यालाही खर्ज चालेल का?

स्वरयंत्र:
अनुजाताई, तुमचं वेगळं आहे. स्वरयंत्र वाढलेलं असतं, पण आवाज जुन्या सवयीने वरच लागतो, त्याला प्युबरफोनिया म्हणतात. आधी नाक-कान-घसा तज्ज्ञांना दाखवा, मग वाचा-उपचार. बहुतेक मुलांचा आवाज थोड्याच बैठकांत खाली येतो. बोलण्या-ऐकण्याच्या अडचणींवर काम करणारी वांद्र्याची अली यावर जंग संस्था तुम्हाला जवळ पडेल. त्याला लाजवू नका, त्याचा यात काही दोष नाही.

नांदी:
नाटक कंपन्यांत मुलांना लहानपणीच घ्यायचे आणि आवाज फुटला की स्त्रीपार्ट जायचा. बालगंधर्व मात्र गात राहिले, कारण त्यांचा आवाज फुटलाच नाही.

शेखर७१:
चूक. बालगंधर्वांचा जन्म १८८८ चा, किर्लोस्कर मंडळीत आले १९०५ मध्ये. म्हणजे सतराव्या वर्षी. कंठ फुटून गेलेल्या पुरुषाच्या आवाजातच त्यांनी स्त्रीभूमिका केल्या, आणि म्हणूनच ते गाणं इतकं मोठं आहे. पण हा विषय वेगळ्या धाग्यात बोलू. मधुराताई, मुलाला दुसरं कुठलं औषध चालू आहे का?

मधुरा_सांगली:
औषध असं नाही. दम्याचा पंप आहे, सकाळ-संध्याकाळ. दोन वर्षं झाली. त्याचा काय संबंध?

ओसरी:
बघा, त्यानेच घसा गेला असणार. आधी पंप बंद करा!

स्वरयंत्र:
कृपया पंप बंद करू नका, ओसरीताई असा सल्ला देऊ नका. दम्याच्या रोजच्या पंपात बहुधा स्टिरॉइड असतं, त्याने काहींचा आवाज घोगरा होतो हे खरं. पंप घेतल्यावर चूळ भरून, गुळण्या करून पाणी थुंकायचं. स्पेसर (पंपाला जोडायची नळी) वापरतो का? डॉक्टरांना आवाजाचं सांगा. घोगरेपणा तीन आठवड्यांहून जास्त टिकला तर दुर्बिणीने घसा बघून घ्या.

मधुरा_सांगली:
गुळण्या करत नाही तो. मलाच माहीत नव्हतं. आजपासून करायला लावते.

पेटीवाला:
आणि मुलगा स्वतः काय म्हणतो?

मधुरा_सांगली:
काही बोलत नाही. गेल्या आठवड्यात क्लासमध्ये मुली हसल्या, तेव्हापासून दार लावून बसतो. हे आधी लिहायला हवं होतं, मला परीक्षाच दिसत होती.

मधुरा_सांगली (दुसऱ्या दिवशी):
काल रात्री तानपुऱ्याचं ॲप काळी दोनवर लावलं आणि मी बाहेर येऊन बसले. पाच-सात मिनिटं काहीच नाही. मग त्याने भीमपलासी राग सुरू केला. मंद्र निषाद इतका भरून आला की हे टीव्ही बंद करून ऐकायला आले. तार सप्तकात अजून अडखळतो. आता बाईंना पट्टी बदलायचं कसं सांगू, त्यांना राग न येता?

खर्जसाधक:
मंद्र निषाद लागला ना! उद्यापासून पहाटे पाचला उठवा.

पेटीवाला:
काका, झोपू द्या त्याला. ताई, बाईंना तुम्ही सांगू नका. त्यालाच काळी दोनमध्ये एकदा त्यांच्यासमोर गाऊ दे.