आयात शुल्क सोडायचं, तर संसदेला विचारायला नको का?

वाशी, मसाला मार्केट:
श्रीलंकेशी मुक्त व्यापार करार 1998 साली झाला, आसियानशी (आग्नेय आशियाई देशांचा गट, व्हिएतनाम त्यातलाच) 2009 साली. दोन्हींवर संसदेत मतदान नाही. सरकारने सही केली, मग सीमाशुल्क कायद्याच्या कलम 25 खाली अधिसूचना निघाली आणि शुल्क उतरलं. त्याची झळ मी गाळ्यावर बसून सोसली आहे. 2017 पर्यंत व्हिएतनामची मिरी थेट आली तर पन्नास टक्क्यांच्या वर शुल्क, श्रीलंकेची म्हणून आली तर साफ्टाखाली, म्हणजे दक्षिण आशियाई देशांच्या मुक्त व्यापार कराराखाली, 8 टक्के. 'श्रीलंकेचं' पोतं उसवलं की दाणे तळहातावर घोळवत आम्ही एकमेकांकडे बघायचो. आपल्या मिरीवाल्या शेतकऱ्याला कोणी विचारलं होतं? अमेरिकेत 2005 साली मध्य अमेरिकेशी झालेला करार प्रतिनिधीगृहात 217 विरुद्ध 215 मतांनी पास झाला. आपल्या खासदाराने कुठे मत दिलं, हे तिथल्या शेतकऱ्याला कळलं तरी.

ऐरोली, कस्टम ब्रोकर:
दादा, मिरीचं उदाहरण तुमच्याच विरोधात जातंय. डिसेंबर 2017 मध्ये किलोला किमान 500 रुपये आयात किंमत ठरली, तीही अधिसूचनेनेच. विधेयकाची वाट बघितली असती तर तोवर न्हावा शेवा बंदरात कंटेनर उतरतच राहिले असते. आणि खरी पळवाट होती मूळ देशाच्या दाखल्यात. त्यासाठी 2020 साली कायद्यात कलम 28डीए आलं. आता नुसतं सर्टिफिकेट चालत नाही. माल तिथे पिकला की फक्त पोती बदलून आला, याची माहिती आयातदाराने ठेवायची, कागद पाच वर्षं सांभाळायचे. पार्टीकडून त्या माहितीचा फॉर्म भरून घेण्यात माझा अर्धा दिवस जातो, पण काम चोख होतं.

नौपाडा, वकील:
राज्यघटनेचं कलम 253 संसदेला करारासाठी कायदा करायचा अधिकार देतं, सक्ती करत नाही. पण शेती हा राज्यांचा विषय. केरळने आसियान कराराला उघड विरोध केला, तरी तो अडला नाही. मला हे खटकतं.

वाशी, मसाला मार्केट:
ऐरोलीकर, तातडीचं संरक्षण अधिसूचनेने करा, माझी ना नाही. पण तुमचं 28डीए ज्या वित्त विधेयकात होतं, ते 23 मार्च 2020 ला लोकसभेत चर्चेविना मंजूर झालं. शुल्क सोडणं तर त्याहून मोठी गोष्ट, वर्षानुवर्षं हात बांधणारी. सहीआधी मसुदा संसदेच्या स्थायी समितीसमोर ठेवा, शेतकऱ्यांना तिथे बोलवा.

ऐरोली, कस्टम ब्रोकर:
मसुदा आधीच बाहेर आला तर आपण कुठवर खाली येणार हे समोरच्याला कळेल. समिती सहीनंतर, पण अधिसूचना निघायच्या आत बसू दे. तेवढं मला मान्य आहे.