मदत हवी आहे: कॉम्प्युटरचं आर्किटेक्चर कुठे संपतं आणि ऑर्गनायझेशन कुठे सुरू होतं?

नमस्कार मंडळी, मी नाशिकला एसई कॉम्पला (कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला) आहे, डिप्लोमा करून डायरेक्ट सेकंड इयरला आलोय, गुरुवारी ओरल आहे आणि तीन दिवस एकाच गोष्टीवर अडकलोय. नोट्समध्ये ओळ आहे की आर्किटेक्चर म्हणजे कॉम्प्युटर काय करतो आणि ऑर्गनायझेशन म्हणजे ते कसं करतो. पाठ झालीय, पण बाहेरून आलेल्या परीक्षकाने (एक्सटर्नलने) एखादी गोष्ट उचलून विचारलं की ही कशात टाकशील, तर माझी गाडी तिथेच थांबते.

मला समजलंय ते असं, चुकत असेल तर सांगा. डिप्लोमाला ८०८६ हा इंटेलचा प्रोसेसर केला होता. त्याच्याच जोडीच्या ८०८८ च्या इन्स्ट्रक्शन्स त्याच, रजिस्टर्स (प्रोसेसरच्या आतल्या छोट्या साठवणीच्या जागा) तेच १६ बिटचे, फक्त ८०८६ ची बाहेरची डेटा बस (मेमरीशी डेटाची ने-आण करणाऱ्या तारा) १६ बिटची आणि ८०८८ ची ८ बिटची, म्हणजे मेमरीतून १६ बिटचा वर्ड आणायला त्याला दोन फेऱ्या माराव्या लागतात. प्रोग्रॅम दोन्हीवर तोच चालतो, ८०८८ वर जरा हळू. म्हणजे आर्किटेक्चर एक, ऑर्गनायझेशन वेगळं. बरोबर ना?

आता खरी अडचण. मिप्स नावाच्या प्रोसेसरमध्ये ब्रँचच्या (दुसरीकडे उडी मारायला सांगणाऱ्या इन्स्ट्रक्शनच्या) लगेच पुढची इन्स्ट्रक्शन उडी मारली तरी रन होतेच, त्याला डिले स्लॉट म्हणतात, कारण ब्रँच ठरेपर्यंत ती पाइपलाइनमध्ये (एक इन्स्ट्रक्शन पूर्ण व्हायच्या आत पुढची सुरू करणारी टप्प्यांची रांग) शिरलेली असते. पाइपलाइन तर ऑर्गनायझेशन, पण कंपायलरला (आपला प्रोग्रॅम मशीनच्या इन्स्ट्रक्शन्समध्ये बदलणारं सॉफ्टवेअर) हे धरूनच कोड बनवावा लागतो. मग हा डिले स्लॉट टाकायचा कशात?

प्रतिसाद १:
८०८८ चं बरोबर आहे. डिले स्लॉट आर्किटेक्चरमध्येच टाक. आला पाइपलाइनमुळे हे खरं, पण एकदा लोकांनी त्याच्या भरवशावर प्रोग्रॅम लिहिले की तो काढता येत नाही. पुढे मिप्सच्याच आर४००० प्रोसेसरमध्ये पाइपलाइन ८ टप्प्यांची झाली तरी स्लॉट एकच ठेवावा लागला. गोष्ट बदलली तर जुना प्रोग्रॅम चुकीचं उत्तर देईल की फक्त वेळ कमीजास्त लागेल, एवढं बघ. उत्तर चुकणार असेल तर आर्किटेक्चर.

धागाकर्ता:
खूप थँक्यू दादा, हे आधी कोणी सांगितलंच नव्हतं. म्हणजे कॅश (प्रोसेसरजवळची छोटी, वेगवान मेमरी) ऑर्गनायझेशनमध्ये, कारण काढून टाकली तरी उत्तर तेच येतं, उशिरा येतं एवढंच. आत्ता सीबीएसवरून पिंपळगावच्या बसमध्ये बसलोय, तासभर आहे हाताशी, अजून कोणाकडे डिले स्लॉटसारखं काठावरचं उदाहरण असेल तर प्लीज टाका.