मदत हवी आहे: डायव्हिंगनंतर ऑक्सिजन घेऊन सकाळचं विमान पकडावं का?

मंडळी, पोर्ट ब्लेअरहून लिहितेय. जरा घाई आहे.

मी आणि माझा धाकटा भाऊ चार दिवस अंदमानात डायव्हिंग करतोय, रोज दोन डाइव्ह. हॅवलॉकला जॉनीज गॉर्जवर 28 मीटरपर्यंत गेलो होतो. आजची शेवटची चिडियाटापूला. पाण्याबाहेर आलो तेव्हा 4 वाजून 10 मिनिटं झाली होती. विमान उद्या दुपारी दोनचं, म्हणून निर्धास्त होतो. संध्याकाळी मेसेज आला: ते रद्द, सकाळी 6:50 च्या विमानात बसवलंय. म्हणजे जेमतेम 14 तास 40 मिनिटं. कोर्समध्ये शिकवलं होतं, विमानात बसण्याआधी, एकच डाइव्ह असेल तर किमान 12 तास थांबायचं, अनेक दिवस डाइव्ह केल्या असतील तर 18. माझ्या डाइव्ह कॉम्प्युटरवर (खोली-वेळ मोजणारं यंत्र) काट मारलेलं विमानाचं चित्र, म्हणजे 'उडू नका', अजून तसंच आहे.

भावाला परवा सकाळी पुण्यात नव्या नोकरीवर रुजू व्हायचंय. गाईड म्हणाला, "पहाटे या, अर्धा तास ऑक्सिजन देतो, सगळा नायट्रोजन निघून जाईल." भाऊ तयार आहे, मला मात्र धीर होत नाही. त्याचा डावा खांदाही पाण्याबाहेर आल्यापासून दुखतोय, टाकी उचलल्यामुळे असेल म्हणतो. कुणाला अनुभव आहे का?

सागरतळ:
ताई, आधी तुमच्या प्रश्नाचं. ऑक्सिजनमागचा विचार खरा आहे. शुद्ध ऑक्सिजन घेताना फुप्फुसात नायट्रोजन जवळपास नसतोच, त्यामुळे पाण्याखालच्या दाबाने शरीरात विरघळलेला लवकर बाहेर पडतो. दाब कमी-जास्त करता येणाऱ्या बंद चेंबरमधल्या चाचण्यांतही विमानाआधीचा थांबा त्यामुळे कमी करता आला. पण तिथे घट्ट बसणारा मास्क असतो आणि वेळ ठरलेली असते. साध्या मास्कमध्ये बाजूने हवा शिरते. डायव्हर्स अलर्ट नेटवर्क या डायव्हिंग सुरक्षेच्या संस्थेने 2002 च्या कार्यशाळेनंतर जे 12 आणि 18 तास सांगितले, त्यात ऑक्सिजन घेतल्यावर किती तास वजा करायचे हे हौशी डायव्हरसाठी दिलेलं नाही. केबिनमधला दाब सहा ते आठ हजार फुटांवरच्या हवेइतका कमी होतो, समुद्रसपाटीच्या साधारण तीन चतुर्थांश. त्यात उरलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होतात, असलेले फुगतात.

आता खरं महत्त्वाचं. तो खांदा. डाइव्हनंतर सांधा दुखू लागला तर डीकम्प्रेशन सिकनेस (त्या बुडबुड्यांमुळे होणारा आजार) नाही हे डॉक्टरांनी ठरवायचं, टाकीवर ढकलायचं नाही. पहाटे अर्धा तास ऑक्सिजन घेतला तर दुखणं कदाचित थांबेल, तो हसत विमानात चढेल आणि वर गेल्यावर ते पुन्हा उसळेल. मला भीती त्याचीच आहे.

त्याच गाईडला आत्ता फोन करा. बोटीवरचा तो सिलेंडर अशाच माणसासाठी ठेवलेला असतो. मास्क लावून, आडवं झोपवून न्या. नौदलाच्या धन्वंतरी रुग्णालयात रिकम्प्रेशन चेंबर आहे, म्हणजे पुन्हा दाब देऊन उपचार करायचा बंद कक्ष. मुंग्या, बधिरपणा, चक्कर, अंगावर चट्टे असं काही आहे का विचारा, आणि सगळ्या डाइव्हची खोली-वेळ लिहून न्या. विमानात कधी बसायचं ते आता डॉक्टर सांगतील.

धागाकर्ती:
विचारलं. करंगळीला मुंग्या येतायत म्हणाला, दुपारपासून. मला सांगितलंच नव्हतं. गाईड सिलेंडर घेऊन आलाय, गाडीत मास्क लावलाय. निघालोय.