मोठ्यांचा आळशी डोळा: डोक्याला करंट की डोळ्याला पट्टी?

रावपुरा_ऑप्टो: बडोद्याच्या आपल्या चर्चेत काल एकाने लिहिलं, "डोक्यामागे वीस मिनिटं करंट, पाच सिटिंग, चाळिशीतलाही आळशी डोळा बरा. पट्टीचा जमाना गेला." वाचून राग आला. आळशी डोळा म्हणजे लहानपणी मेंदूने नीट वापरायला न शिकलेला, म्हणून अंधुक दिसणारा डोळा; पट्टी म्हणजे चांगला डोळा झाकून त्याला कामाला लावणं. २००८ साली माँट्रियलच्या गटाने चुंबकीय उत्तेजनाने (डोक्याबाहेरून मेंदूला चुंबकाचे ठोके देऊन) दाखवलं ते मोठ्यांच्या आळशी डोळ्यातल्या कॉन्ट्रास्टची, म्हणजे फिकट-गडद फरक ओळखण्याची, तात्पुरती सुधारणा. पुढे २०१३ मध्ये थीटा बर्स्ट, म्हणजे हेच ठोके झुबक्याझुबक्याने, पाच दिवस रोज दिलं, तेव्हा परिणाम ७८ दिवसांपर्यंत टिकलेला दिसला, पण माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याएवढी. याला "बरा" म्हणायचं?

मांजलपूर_न्यूरोफिजिओ: अहो, पण मोठ्यांचा मेंदू दगड झालाय हा तुमचा जुना हट्टही सोडा. चांगला डोळा गेल्यावर आळशी डोळ्याची नजर वाढल्याची उदाहरणं मोठ्या माणसांतही आहेत. २०१३ मध्येच दोन्ही डोळ्यांना वेगवेगळं चित्र दाखवून सराव दिला आणि सोबत २ मिलीअँपिअर डीसी करंट दिला. नुसत्या सरावापेक्षा खोलीची जाण जास्त सुधारली. करंट मेंदूच्या शिकण्याची खिडकी उघडतो, काम सरावाचं.

रावपुरा_ऑप्टो: मग तसं लिहा! "पट्टीचा जमाना गेला" कशाला? आणि आधी बरोबर नंबरचा चष्मा लावून १६ ते १८ आठवडे थांबलात का? नुसत्या चष्म्याने सुधारतो तो डोळा, आणि श्रेय जातं करंटला. दुसरं, तक्ता. सुटं अक्षर दाखवलं की आळशी डोळा पटकन वाचतो, ओळीत गर्दी झाली की अडखळतो. आधी ओळ, नंतर सुटं अक्षर दाखवलं की घरबसल्या सुधारणा! प्रत्येक वेळी अक्षरं बदला, चांगला डोळा तळहाताने नको, पट्टीने पूर्ण झाका. नजर मोजायच्या लॉगमार तक्त्यात एका ओळीचा फरक ०.१, तेवढा तर दोन दिवसांच्या मोजणीत आपोआपही पडतो.

सयाजीगंज_इलेक्ट्रॉनिक्स: ९ व्होल्टची बॅटरी आणि दोन स्पंज लावून घरी होईल ना हे?

मांजलपूर_न्यूरोफिजिओ: नाही! हिशेब करा. कातडीचा रोध ५ किलोओहम असेल तर १.८ मिलीअँपिअर जातो. कातडी ओली होऊन रोध २ किलोओहमवर आला की साडेचार. करंट स्थिर ठेवणारं सर्किट हवं, ३० सेकंदांत हळूहळू चढणारं आणि तसंच उतरणारं. झटक्यात काढलात तर डोळ्यांपुढे चमक येते.
स्पंज ५ बाय ७ सेंटिमीटर, ०.९ टक्के सलाइनमध्ये भिजवून पिळलेला. मे महिन्यात पंख्याखाली तो कडेने वाळतो, करंट उरलेल्या ओल्या टिकलीतून जातो आणि तिथेच कातडी भाजते. फार ओला केलात तर सलाइन केसांतून पसरतं आणि करंट भलतीकडेच. जागा अंदाजाने नाही: नाकाच्या मुळापासून डोक्यामागच्या उंचवट्यापर्यंत टेप लावा. ३६ सेंटिमीटर भरलं तर पॉझिटिव्ह स्पंज उंचवट्याच्या ३.६ सेंटिमीटर वर, निगेटिव्ह बरोबर मध्ये, १८ वर.

सयाजीगंज_इलेक्ट्रॉनिक्स: एवढं मोजमाप असेल तर मशीनवालाच बरा. पण चुंबकाचं काय?

मांजलपूर_न्यूरोफिजिओ: थीटा बर्स्टमध्ये ५० हर्ट्झचे तीन-तीन ठोके, दर २०० मिलिसेकंदाला, ६०० ठोके ४० सेकंदांत. फिट्सचा इतिहास, पेसमेकर, कानातलं कॉक्लिअर इम्प्लांट किंवा डोक्यात धातू असेल तर नाव काढू नका.

रावपुरा_ऑप्टो: आणि सप्रेशन, म्हणजे मेंदूने एका डोळ्याचं चित्र दाबणं, मोजलं का, हे कोणी विचारत नाही! तिरळा डोळा मेंदूने दाबून ठेवलाय म्हणून एकच दिसतंय. ते दाबणं ढिलं केलंत आणि डोळे सरळ नसतील तर सगळं दुहेरी दिसेल; रस्त्यावर स्कूटर चालवणाऱ्याला ते परवडायचं नाही. बॅगोलिनी फिल्टर बार, म्हणजे गडद होत जाणाऱ्या लाल काचांची रांग, धरा, किती गडद फिल्टरला दोन दिसतात ते आधी लिहून ठेवा.

मांजलपूर_न्यूरोफिजिओ: हे मान्य. बारची नोंद नसेल तर मी करंट सुरूच करणार नाही. पण "मोठ्यांचं काही होत नाही" असं सांगून माणसाला दारातूनच परत पाठवणं, तेही थांबवा.

रावपुरा_ऑप्टो: थांबवतो. पण चष्म्याचे १६ आठवडे आधी, यात तडजोड नाही.