नाशिक ते दिल्ली विमान: अंतर नक्की किती आणि वेळ किती धरायचा?

सातपूरकर:
ओझर (नाशिकचं विमानतळ)–दिल्ली अंतर नेटवर कुठे हजार किलोमीटरच्या आत दिसतं, कुठे तेराशेच्या आसपास. खरं कोणतं? तिकिटावर पावणेदोन ते दोन तास लिहितात, एवढा वेळ कशात जातो? आई-बाबांना दिल्लीहून पुढचं विमान पकडायचंय. मध्ये किती वेळ ठेवू? की मुंबईहूनच पाठवू?

धावपट्टी:
सरळ रेषेत अंतर साधारण ९९० किमी. तेराशेच्या आसपासचा आकडा रस्त्याचा. प्रत्यक्षात विमान ठरलेल्या हवाई मार्गाने जातं आणि दिल्लीजवळ रांगेत लागायला वळसे घेतं, त्यामुळे थोडं जास्तच उडतं.

वरच्या उंचीवर वेग ताशी ८३० किमीच्या आसपास असतो, पण १०,००० फुटांखाली तो साधारण निम्म्यावर ठेवावा लागतो. म्हणून हवेतच दीड तास जातो. तिकिटावरचा वेळ गेटपासून गेटपर्यंतचा असतो. ओझरला विमान पटकन धावपट्टीवर पोचतं. दिल्लीत मात्र उतरल्यावर जमिनीवरच १५-२० मिनिटं सहज जातात.

हिवाळ्यात उत्तरेत वर पश्चिमेचे जोरदार वारे असतात. आपला मार्ग जवळजवळ दक्षिणोत्तर असल्याने ते बाजूने लागतात. जाताना किंचित मदत, येताना किंचित अडथळा, फरक फार तर ५-१० मिनिटांचा. दिल्ली–कोलकात्यासारखा मोठा फरक इथे पडत नाही.

जानोरी फाटा:
नाशिकच्या द्वारका चौकापासून ओझर विमानतळ २० किमीच्या आसपास. आग्रा हायवेने आडगाव, मग दहाव्या मैलावरून डावीकडे जानोरीकडे. ४५ मिनिटं धरा. द्राक्षाच्या हंगामात त्या बाजूला ट्रक-पिकअपची गर्दी असते, तेव्हा तासभर. विमानाच्या दोन तास आधी पोचलात की पुरे.

पुढच्या विमानाबद्दल आधी दोन्ही तिकिटांवरचं टर्मिनल बघा, सगळा हिशोब तिथेच फिरतो. दिल्लीत टी-२ आणि टी-३ शेजारी आहेत, चालत जाता येतं. टी-१ लांब आहे. बाहेर पडून बस किंवा टॅक्सी आणि पुन्हा सुरक्षा तपासणी. एकाच पीएनआरवर दोन्ही विमानं असतील तर ओझरलाच बॅगेला शेवटच्या गावाचा टॅग लावून मागा आणि टॅगवरचं नाव तिथेच वाचून घ्या. अशा वेळी देशांतर्गत प्रवासाला अडीच तास ठीक. वेगवेगळी तिकिटं असतील तर बॅग पट्ट्यावरून घेऊन पुन्हा द्यावी लागते आणि पहिल्या विमानाला उशीर झाला तर दुसरी कंपनी जबाबदार नसते. तिथे चार तासांपेक्षा कमी ठेवू नका. डिसेंबर-जानेवारीत सकाळी धुकं असतं, शक्यतो दुपारनंतरचं पुढचं विमान घ्या. आई-बाबांसाठी व्हीलचेअर बुकिंग करतानाच नोंदवा, आयत्या वेळी काउंटरवर मागितली की थांबावं लागतं.

कसारा घाट:
मुंबईहून पाठवायचं तर रस्ताच १६५ किमीच्या पुढे. जून २०२५ पासून समृद्धीचा इगतपुरी–आमणे हा ७६ किमीचा शेवटचा टप्पा सुरू झाल्यामुळे कसारा घाट टळतो, पण आमण्यानंतर भिवंडी-ठाण्याची कोंडी आहेच. साडेतीन ते पाच तास धरा, पावसाळ्यात वरचाच आकडा. वर दोन तास आधी पोचणं आणि सव्वादोन तासांचं उड्डाण. घरापासून दिल्लीत उतरेपर्यंत आठ-नऊ तास झाले. ओझरहून हेच पाच तासांत होतं. मुंबईचा एकच मोठा फायदा: दिल्लीला दिवसभर विमानं आहेत. एक रद्द झालं तर त्याच दिवशी दुसरं मिळण्याची शक्यता असते, ओझरहून बहुधा दुसऱ्या दिवसाची वाट बघावी लागते. पुढचं विमान परदेशाचं आणि तिकीट वेगळं असेल, तर आदल्या दिवशीच ओझरहून दिल्लीला पाठवा आणि रात्री विमानतळाजवळच्या एरोसिटीतल्या हॉटेलात मुक्काम ठेवा.