५३ पुरत नाहीत, ६० लागतात

दोन्ही सभागृहांत रिपब्लिकनांचं बहुमत असताना २०२५ मध्ये अमेरिकी सरकार ठप्प कसं झालं, असा प्रश्न पडतो. गोम सिनेटच्या नियमात आहे. विधेयक मंजूर व्हायला साधं बहुमत पुरतं, पण त्याआधी चर्चा थांबवायलाच १०० पैकी ६० मतं लागतात. रिपब्लिकनांकडे होती ५३. बाकीची विरोधकांकडून आणायची, आणि डेमोक्रॅट्सनी किंमत सांगितली: आरोग्यविम्यावरच्या वाढीव सवलतींना मुदतवाढ.

'रिकन्सिलिएशन'मध्ये (अर्थसंकल्पाशी निगडित विधेयकांच्या खास प्रक्रियेत) साधं बहुमत चालतं हे खरं, पण तो रस्ता मुख्यतः कर आणि कायम चालणाऱ्या योजनांसाठी. खात्यांचा वार्षिक खर्च १२ वेगळ्या विधेयकांतून येतो. ती १ ऑक्टोबरपर्यंत झाली नाहीत आणि तात्पुरती मुदतवाढही मिळाली नाही, की अत्यावश्यक सोडून कामं बंद. (१९८० पूर्वी खाती रखडतखडत का होईना चालूच राहायची, मग मंजुरीशिवाय खर्चाला मनाई करणाऱ्या कायद्याचा अर्थ कडक लावला गेला.)

४३ दिवसांनी सुटका झाली ती डेमोक्रॅट गोटातले ८ जण फुटल्यामुळे. चर्चा थांबवण्याचं मतदान बरोब्बर ६०-४०. सवलतींची मुदतवाढ त्यात नव्हतीच, फक्त पुढे मतदान घेण्याचं आश्वासन.

आपल्याकडे हे घडत नाही, कारण लोकसभेत सरकारच्या खर्चाच्या मागण्या फेटाळल्या गेल्या तर सरकारच पडतं.