सुप्रीम्सच्या फुटीचं खापर डायना रॉसवरच का?

भैरवी_नको
मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीचा विषय निघाला की कुणीतरी म्हणतंच, 'डायनाच्या डोक्यात हवा गेली आणि सुप्रीम्स संपल्या.' मला हे अजिबात पटत नाही.

सुप्रीम्स म्हणजे डायना रॉस, मेरी विल्सन आणि फ्लॉरेन्स बॅलर्ड यांचा गाणारा गट. डेट्रॉइटच्या सरकारी वसाहतीतल्या या मुली. १९६१ ला मोटाउनशी करार झाला, पण गाणी चालेनात. कंपनीतच त्यांना 'नो-हिट सुप्रीम्स' म्हणून चिडवायचे. १९६४ ला 'व्हेअर डिड अवर लव्ह गो' पहिल्या नंबरावर गेलं आणि पाठोपाठ आणखी चार गाणी. १९६७ ला पाटी बदलून 'डायना रॉस अँड द सुप्रीम्स' झाली. पण नाव कंपनीचं आणि निर्णय मालक बेरी गॉर्डीचा. हा माणूस आधी मोटारींच्या कारखान्यात राबलेला. गाणीही त्याच पद्धतीनं काढायचा: लिहिणारे वेगळे, वाजवणारे वेगळे, उठण्याबसण्याची रीत शिकवायला मॅक्सीन पॉवेलबाई वेगळ्या. तिथे गायिका म्हणजे बदलता येणारा सुटा भाग. त्याच वर्षी फ्लॉरेन्स बॅलर्डला काढलं, तेव्हा सिंडी बर्डसाँग आधीपासून तयारच ठेवली होती.

तिरकस_ताल
म्हणजे डायना बिचारी गरीब गाय? अहो, गॉर्डी आणि तिचं प्रकरण जगजाहीर आहे. मालक आपल्या बाजूचा असताना 'मला काय ठाऊक' म्हणता येत नाही. 'समडे वी'ल बी टुगेदर' ऐका. १९६९, सुप्रीम्सचं शेवटचं नंबर एकचं गाणं. त्यावर मागे गाणाऱ्या मेरी विल्सन आणि सिंडी नाहीतच, बाहेरून गायिका आणल्या होत्या. 'एक दिवस पुन्हा एकत्र येऊ' म्हणणारं गाणं, त्यात गट गैरहजर, आणि कव्हरवर नाव मात्र गटाचं!

जुनी_तबकडी
फ्लॉरेन्सबद्दल वाईट वाटतं, ३२ व्या वर्षी गेली बिचारी. पण ती कार्यक्रम चुकवत होती, पिणं वाढलं होतं, हेही सांगा की. रोजचे प्रयोग लागलेले असताना कुठल्याही मालकानं हेच केलं असतं.

भैरवी_नको
@जुनी_तबकडी, पिणं का वाढलं तेही विचारा. एकेकाळी तीही मुख्य आवाजात गायची. नंतर फक्त 'ऊ ऊ' उरलं.

हिशेबनीस
तुम्ही सगळे गायिकांवरून भांडताय. बारा नंबर एकच्या गाण्यांपैकी दहा हॉलंड-डोझियर-हॉलंड या तिघांची. पैशावरून बिनसलं आणि १९६८ ला ते मोटाउन सोडून गेले. खरी फूट ती. डायना १९७० ला गेली, तरी त्याच वर्षी तिच्या जागी आलेल्या जीन टेरेलच्या आवाजात 'स्टोन्ड लव्ह' टॉप १० मध्ये होतंच.

तिरकस_ताल
आणि 'सुटा भाग'वाल्यांनी टेम्प्टेशन्स या पाच गायकांच्या गटाकडे बघावं. कंपनी तीच, गॉर्डी तोच. डेव्हिड रफिनलाही आपलं नाव गटाच्या आधी हवं होतं. बाकीच्या चौघांनी १९६८ ला त्याला घरी बसवलं. डेनिस एडवर्ड्स आला, 'क्लाउड नाइन' निघालं आणि मोटाउनला पहिलं ग्रॅमी मिळालं. म्हणजे ठरवलं तर गटाला नाही म्हणता येत होतं.

भैरवी_नको
चौघं विरुद्ध एक, आणि मालक त्या एकाच्या पाठीशी नाही. इथे उलटं होतं. बरं, 'सुप्रीम्स' हे नाव निवडलं कुणी? फ्लॉरेन्सनं. आणि बाहेर पडल्यावर स्वतःच्या रेकॉर्डच्या जाहिरातीत 'पूर्वीची सुप्रीम' म्हणायलाही तिला बंदी. ही अट डायनानं घातली होती का?

तिरकस_ताल
अट कंपनीची, मान्य. पण २००० च्या पुनर्मीलन दौऱ्याचं काय? मेरीशी पैशावरून फिसकटलं, तर शेरी पेन आणि लिंडा लॉरेन्स घेतल्या. दोघी डायना गेल्यानंतर गटात आलेल्या, म्हणजे गटात डायनासोबत कधी गायल्याच नव्हत्या, पुनर्मीलन कुणाचं? तिकिटं खपेनात, दौरा मध्येच गुंडाळला. तिथे गॉर्डी कुठे होता?